एका नाण्यावर

पडद्यावरचं विमान दिसतं तेवढं मोठं नसतं. गोळ्यांनी भरलेल्या आर्केड शूटरविषयी मला कळलेली पहिली उपयोगाची गोष्ट हीच, आणि ती कळायला फार उशीर लागला. पंख, शेपूट, मागून निघणारी ज्वाला हे सगळं नुसतं चित्र. गोळी पंखावरून गेली तरी काही होत नाही. विमानाच्या पोटात मोजक्या पिक्सेलांचा एक ठिपका असतो, तेवढाच जिवंत. त्याला हिटबॉक्स म्हणतात. हे माहीत नव्हतं तोवर मी पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होतो आणि धावतानाच मरत होतो. माहीत झाल्यावर धावणं थांबलं, आणि जिथं मुंगी शिरायला जागा नाही असं वाटत होतं तिथं वाटा दिसू लागल्या.

बाहेरून बघणाऱ्याला हा खेळ निर्दय वाटतो. पडदा गुलाबी आणि निळ्या गोळ्यांनी भरून जातो, आणि त्यातून जिवंत सुटणं म्हणजे निव्वळ नशीब असंच कुणालाही वाटेल. पण नशिबाचा वाटा इथं फार थोडा आहे. कोणता शत्रू कुठून आणि कधी येणार हे बहुतेक वेळा ठरलेलं असतं. त्याच्या गोळ्या दोन जातींच्या. काही ठरलेल्या नक्षीत पसरतात, तुम्ही कुठेही असा. काही मात्र सुटण्याच्या क्षणी तुम्ही जिथं आहात, बरोबर तिथं नेम धरून येतात. कोणती गोळी कुठल्या जातीची, हे डोळ्यांना ओळखू येऊ लागलं की गोंगाटातून सूर वेगळा काढता यावा तसं होतं.

या पुस्तिकेत चार खेळांवरची माझी टिपणं आहेत: दोदोनपाची, बॅटल गारेग्गा, इकारुगा आणि मुशिहिमेसामा. चारही जपानी, चारही मुळात आर्केडसाठी बनलेले आणि चारही मी घरच्या कन्सोलवर, घरच्या टीव्हीसमोर बसून खेळलो. टप्प्यांचे नकाशे आणि बॉसच्या चाली पुढच्या पानांत येतील. त्याआधी हा खेळ घरात आला कसा आणि घरात आल्यावर त्याचं काय झालं, हे सांगायला हवं. घरी खेळणाऱ्याच्या अडचणी आर्केडमधल्या खेळाडूपेक्षा वेगळ्या आहेत. त्यातली सगळ्यात मोठी अडचण यंत्राची नसून नाण्याची आहे, असं माझं मत आहे.

सुरुवात १९७८ची. तोमोहिरो निशिकादो यांनी टायटो कंपनीसाठी स्पेस इन्व्हेडर्स बनवला. पडद्यावर अकराच्या पाच ओळींत पंचावन्न परग्रहवासी. त्या वेळच्या प्रोसेसरला इतकी चित्रं एकदम हलवणं झेपत नव्हतं, म्हणून सुरुवातीला ती सगळी फौज रेंगाळत चाले. तुम्ही एकेक मारत गेलात की यंत्रावरचा भार उतरे आणि उरलेले अधिक वेगानं सरकत. शेवटचा एकटा उरलेला तर सुसाट. निशिकादोंनी हा वेग तसाच राहू दिला. या प्रकारच्या खेळातली छाती धडधडवणारी गती पहिल्यांदा आली ती अशी, यंत्राच्या मर्यादेतून. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण वीस वर्षांनी तीच मर्यादा उलट्या बाजूनं पुन्हा कामाला आली.

१९८०मध्ये स्पेस इन्व्हेडर्स अटारी २६०० या कन्सोलवर आला. आर्केडचा खेळ रीतसर परवाना घेऊन घरी आणण्याची ही सुरुवात. घरच्या यंत्राला पंचावन्न झेपेनात, म्हणून छत्तीस ठेवले. बदल्यात कॅसेटमध्ये खेळाचे ११२ प्रकार भरले: अदृश्य शत्रू, सरकणाऱ्या ढाली, दोन खेळाडू. घरच्या खेळाचा स्वभाव तेव्हाच ठरला म्हणायला हरकत नाही. काहीतरी कमी होतं, काहीतरी वाढतं, आणि नाणं नाहीसं होतं.

कोनामीचा ग्रॅडियस १९८५मध्ये आर्केडमध्ये आला आणि पुढच्या वर्षी निन्टेन्डोच्या फॅमिकॉमवर. आर्केडमध्ये तुमच्या विमानामागून फिरणारे चार साथीदार मिळत, घरी दोनच. लेझरची रेघही आखूड झाली. ही आवृत्ती तयार करणाऱ्यांत काझुहिसा हाशिमोतो होते. खेळ तपासायचा तर शेवटपर्यंत पोहोचायला हवं, आणि तो इतका अवघड की त्यांना ते जमेना. म्हणून त्यांनी स्वतःसाठी बटणांचा एक क्रम आत पेरून ठेवला: वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए. तो दाबला की सगळी शस्त्रं एकदम हातात. हा क्रम खेळातच राहून गेला आणि पुढे जगभर पसरला. कॉन्ट्रामध्ये याच क्रमानं तीस जीव मिळत. १९९०च्या दशकात फॅमिकॉमच्या स्वस्त नकला महाराष्ट्रातल्या घराघरांत पोहोचल्या. आम्ही त्यांना नुसतं ‘टीव्ही गेम’ म्हणायचो आणि शेकडो खेळ असल्याचा दावा करणाऱ्या कॅसेटी एकमेकांना उसन्या द्यायचो. तेव्हा कॉन्ट्राचे तीस जीव कुणाला माहीत नव्हते? त्यांचं मूळ एका शूटरच्या न झेपणाऱ्या कठीणपणात आहे, हे मला पंचवीस वर्षांनी कळलं. हाशिमोतो २०२०मध्ये वारले.

त्याच काळात जपानमध्ये घरचा शूटर हा जाहीर सामन्यांचा विषयही झाला होता. हडसन कंपनीनं १९८५च्या उन्हाळ्यात स्टार फोर्स घेऊन गावोगाव स्पर्धा भरवल्या, पुढच्या वर्षी स्टार सोल्जर घेऊन. त्यांचा चेहरा म्हणजे ताकाहाशी मेईजिन. मेईजिन ही उपाधी, आपल्याकडे उस्ताद म्हणावं तशी. एका सेकंदात सोळा वेळा बटण दाबण्यासाठी ते प्रसिद्ध होते.

पण आजच्या अर्थानं ज्याला अवघड शूटर म्हणतात तो पुढचा. जपानी लोक त्याला दानमाकू म्हणतात, म्हणजे गोळ्यांचा पडदा. टोआप्लान या कंपनीचा १९९३चा बात्सुगुन हा त्याचा पहिला स्पष्ट नमुना मानतात. पुढच्याच वर्षी टोआप्लानचं दिवाळं निघालं आणि तिथल्या काहींनी केव्ह ही कंपनी काढली. त्यांतले एक त्सुनेकी इकेदा. केव्हचा डोनपाची १९९५चा आणि दोदोनपाची १९९७चा. नावात गंमत आहे. डोनपाची म्हणजे बोलीभाषेत गोळीबार, आवाजावरून पडलेला शब्द, पण तो ज्या अक्षरांत लिहिला आहे त्यांचा अर्थ सरदार मधमाशी. दोदोनपाचीत त्या मधमाशीच्या आधी संतापाचं अक्षर लागलं. म्हणून या खेळात सगळीकडे मधमाश्या आहेत.

दोदोनपाचीवर जरा रेंगाळतो, कारण बाकीचं सगळं इथून समजतं. हल्ल्याचे प्रकार दोन. बटण वारंवार दाबलं की पंख्यासारखा पसरणारा मारा, धरून ठेवलं की सरळ रेषेतला जाड लेझर. लेझर चालू असताना विमान मंदावतं. पहिल्यांदा हे तोट्याचं वाटतं, पण खेळाचा प्राण इथंच आहे. गोळ्या दाट झाल्या की वेग नको असतो, बारकावा हवा असतो. एका पिक्सेलानं डावीकडे सरकायचं असेल तर मंद विमानच लागतं. म्हणजे शत्रूवर सगळ्यात जोरात तुटून पडण्याचं बटण आणि सगळ्यात सावध हालचालीचं बटण एकच आहे. आक्रमण आणि बचाव यांची अशी गाठ घालणं हे थोर काम आहे, आणि मी हा शब्द विचार करून वापरतो आहे.

गुणांची रचनाही तशीच. एक शत्रू मारला की एक पट्टी भरते आणि लगेच ओसरू लागते. ती संपायच्या आत दुसरा मारला तर साखळी चालू राहते, आणि साखळी लांबते तसे गुण फुगत जातात. मोठ्या शत्रूवर लेझर टेकवून ठेवला की पट्टी तग धरते, पण किती वेळ टेकवायचा आणि बाजूनं येणाऱ्या लहान विमानांकडे कधी वळायचं, हे प्रत्येक टप्प्यासाठी शोधावं लागतं. शिवाय दर टप्प्यात तेरा मधमाश्या लपवलेल्या आहेत. त्या लेझरनं चाचपडल्याशिवाय दिसत नाहीत. पहिलीचे शंभर गुण, तेरावीचे एक लाख, मात्र मधे मेलात तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. सहा टप्पे संपले की कथा एक कडवट वळण घेते: ज्यांना शत्रू समजून मारलं ती आपलीच माणसं होती. ठरलेल्या अटींपैकी एखादी पुरी केली असेल तर तेच सहा टप्पे अधिक दाट गोळ्यांसह पुन्हा समोर येतात, आणि अगदी शेवटी हिबाची, म्हणजे अग्निमाशी. मी तिथवर पोहोचलेलो नाही. पहिली फेरी मात्र एका नाण्यात पुरी केली आहे, आणि त्याला अकरा महिने लागले.

आता ती यंत्राची मर्यादा. केव्हचे सुरुवातीचे खेळ ६८००० या जुन्या प्रोसेसरवर चालत. पडद्यावर गोळ्या फार झाल्या की प्रोसेसर मागे पडे आणि सगळा खेळच संथ होई. स्पेस इन्व्हेडर्समध्ये भार उतरला की वेग वाढे, इथं भार वाढला की वेग उतरे. हा दोष असूनही बनवणाऱ्यांनी तो हिशेबात धरला. सगळ्यात दाट क्षणी काळ ताणला जातो आणि माणसाला श्वासभर विचार करायला मिळतो. हाच खेळ घरच्या अधिक ताकदवान यंत्रावर आणला की पंचाईत होते. नव्या यंत्राला भारच जाणवत नाही, गोळ्या पूर्ण वेगानं येतात आणि आर्केडमध्ये जी जागा पार करता येत होती ती घरी जवळजवळ अशक्य होते. म्हणून चांगल्या घरगुती आवृत्तीची परीक्षा चित्रावरून होत नाही. ती योग्य जागी, योग्य तेवढी संथ होते का, यावरून होते. चिबा प्रांतातली एमटू ही कंपनी या बाबतीत मला सगळ्यात प्रामाणिक वाटते. तिनं २०१६मध्ये प्लेस्टेशन ४वर आणलेला बॅटल गारेग्गा पाहा.

बॅटल गारेग्गा १९९६चा, रायझिंग कंपनीचा, शिनोबू यागावा यांच्या हातचा. यात कठीणपणा स्थिर नाही. तुम्ही गोळ्या झाडता, शस्त्रं वाढवता, वस्तू गोळा करता, तसतसा आतला एक अदृश्य आकडा चढतो. त्याला रँक म्हणतात. तो चढला की शत्रू चिवट होतात आणि गोळ्यांचा वेग वाढतो. तो उतरवण्याचा मार्ग एकच, मरणं. म्हणून जाणते खेळाडू ठरलेल्या जागी मुद्दाम जीव देतात आणि गुणांच्या जोरावर नवा कमावतात. सगळं मिळेल ते उचलायची सवय असलेल्या माणसाला हा खेळ फार कठोर धडा देतो. आर्केडमध्ये हा आकडा कुणालाच दिसत नसे. एमटूच्या आवृत्तीत तो पडद्याच्या कडेला सतत दिसतो.

कडेला जागा असते ती का, हेही सांगतो. आर्केडमधल्या अशा बहुतेक खेळांचा पडदा उभा असे, घरचा टीव्ही आडवा. उभा खेळ आडव्या टीव्हीवर टाकला की दोन्ही बाजू काळ्या राहतात आणि चित्र आखडतं. जुन्या काळी जपानी खेळाडू अख्खा टीव्ही कुशीवर झोपवत. त्या पद्धतीचं नाव ताते, म्हणजे उभं. ट्यूबवाला टीव्ही जड, आणि असा कुशीवर ठेवल्यावर कधीकधी त्याचे रंगही बिघडत. तरी लोक ते करत, कारण गोळी दूरवरून येताना दिसली तर विचाराला वेळ मिळतो. आज निन्टेन्डो स्विचसारखं हातातलं कन्सोल सरळ उभं धरता येतं, ही मोठी सोय आहे.

जुन्या टीव्हीचा दुसरा गुण मात्र आपण गमावला. ट्यूबच्या टीव्हीवर बटण दाबणं आणि विमान हलणं यांत टीव्हीमुळे जवळजवळ काहीच उशीर होत नसे. सपाट टीव्ही चित्र आल्यावर आधी ते सुधारत बसतो. सेकंदाला साठ चित्रं, म्हणजे एका चित्राला साधारण सतरा मिलिसेकंद. टीव्हीनं पन्नास मिलिसेकंद खाल्ले तर तुम्ही जगापेक्षा तीन चित्रं मागे आहात, आणि गोळी तेवढ्यात लागून मोकळी झालेली असते. माझ्या पहिल्या सपाट टीव्हीवर मी चार महिने तिसऱ्या टप्प्यात अडकलो होतो. वय झालं, बोटं मंदावली, अशी मनाची समजूत घातली होती. नंतर टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड सापडला, तो चालू केला, आणि त्याच आठवड्यात टप्पा सुटला. ही पुस्तिका पुढे वाचण्याआधी तुमच्या टीव्हीत तो मोड शोधा. विकत काही घ्यावं लागत नाही.

इकारुगाविषयी मला वेगळ्याच कारणानं बोलायचं आहे. ट्रेझर या छोट्या कंपनीचा, हिरोशी इउची यांचा हा खेळ २००१च्या अखेरीस आर्केडमध्ये आला आणि २००२मध्ये सेगाच्या ड्रीमकास्टवर. ड्रीमकास्टचं उत्पादन त्याआधीच बंद झालं होतं. मावळत्या कन्सोलला मिळालेला इतका सुंदर निरोप मला दुसरा आठवत नाही. खेळातलं सगळं पांढरं किंवा काळं. तुमचं विमानही एका बटणानं रंग बदलतं. पांढरं असताना पांढऱ्या गोळ्या तुम्ही पिऊन टाकता, काळी लागली की संपलात. शत्रूला मात्र विरुद्ध रंगाचा मार दुप्पट बसतो. म्हणजे ज्या रंगात तुम्ही सुरक्षित आहात त्या रंगात तुमचा मार अर्धा, आणि जोरात मारायचं तर जीव उघडा टाकायचा. गुण हवे असतील तर एकाच रंगाचे तीन शत्रू सलग, मग पुन्हा तीन, अशी साखळी न तुटता. आणि एक गोळीही न झाडता, केवळ गोळ्या पीत आणि बॉसची वेळ संपण्याची वाट पाहत हा खेळ पुरा करता येतो. तसं करणाऱ्याला खेळ वेगळी पदवी देतो.

पाच प्रकरणांची नावं अशी: आदर्श, कसोटी, श्रद्धा, वास्तव आणि शेवटचं रिन्ने. रिन्ने हा जपानी बौद्धांचा शब्द संसार या संस्कृत शब्दासाठी आहे, जन्ममरणाचा फेरा. तो आपल्या भूमीतून चीनमार्गे जपानला गेला आणि एका गोळीबाराच्या खेळाच्या शेवटच्या दारावर जाऊन बसला. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कंट्रोलर खाली ठेवून काही वेळ नुसता बसून राहिलो होतो. पहिल्या टप्प्यापासून पुन्हापुन्हा सुरुवात करणाऱ्या माणसाला हा शब्द परका वाटत नाही.

आता नाण्याकडे येतो.

जपानी आर्केडमध्ये एका खेळाचे शंभर येन. दुकानदाराला वाटतं खेळाडूनं लवकर मरावं, खेळाडूला वाटतं त्याच नाण्यात शेवटपर्यंत जावं. खेळ बनवणारा या दोघांच्या मधे उभा. त्याला मरण द्यायचं असतं, पण ते न्याय्य वाटायला हवं, नाहीतर दुसरं नाणं पडणार नाही. हिटबॉक्सचा ठिपका, ठरलेल्या नक्षी, संथ होणारा काळ, ही सगळी त्या ओढाताणीची फळं आहेत. एका नाण्यात खेळ पुरा करणं ही तिथली खरी पदवी, वन कॉइन क्लिअर. कित्येक खेळांत गुणांच्या शेवटच्या अंकात तुम्ही किती वेळा कंटिन्यू केलं ते नोंदलेलं असतं. शेवटी शून्य असेल तरच तो आकडा निर्मळ. गेमेस्ट नावाचं मासिक देशभरातले उच्चांक छापत असे.

घरी हे सगळं कोसळतं. कंटिन्यू फुकट असतं. मेलात, बटण दाबलं, तिथूनच पुढे. दोदोनपाचीची एक फेरी अर्ध्या तासाच्या आत संपते. मी पहिल्या रात्री असाच, दर मिनिटाला मरत आणि बटण दाबत, शेवटचा पडदा गाठला. काहीच वाटलं नाही. एवढे पैसे देऊन अर्ध्या तासाचा खेळ घेतला असं वाटलं आणि तबकडी तीन वर्षं कपाटात पडून राहिली. या खेळांवर हाच आरोप नेहमी होतो, की ते फार लहान आहेत. आरोप करणाऱ्यांचा अनुभव खोटा नाही, माझाही तोच होता. पण अमर्याद जीव घेऊन त्यांनी जो खेळ पाहिला तो हा खेळच नव्हे. गोळ्यांना अर्थ येतो तो मरण्याला किंमत असेल तेव्हा. आर्केडमध्ये ती किंमत खिशातून जात होती. घरी ती आपली आपणच ठरवावी लागते, आणि हे मला घरच्या खेळाचं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोलाचं अंग वाटतं. कुणी बघत नाही, कुणी मागत नाही, तरी आपण ठरवायचं की आज एकच नाणं.

तीन वर्षांनी तबकडी बाहेर काढली तेव्हा मी तेवढं एकच ठरवलं होतं. पहिल्या आठवड्यात दुसऱ्या टप्प्यापलीकडे गेलो नाही. पण दुसरा टप्पा मला पाठ झाला, आणि पाठ झाल्यावर तो सुंदर आहे हे दिसलं.

घर आपल्याला एक गोष्ट देतं जी आर्केडनं कधीच दिली नाही, ती म्हणजे रियाज. घरच्या बहुतेक आवृत्त्यांत हवा तो टप्पा निवडून त्याचाच सराव करता येतो, काहींत खेळाचा वेगही कमी करता येतो. तबल्याचा कायदा आधी विलंबित लयीत हातात बसवतात, मग दुगुन. तसंच इथं. एका बैठकीला एकच जागा घ्या, वीस वेळा. मात्र रियाज आणि मैफल एकत्र करू नका. सरावात हवे तितके जीव वापरा. एकदा ‘आता खेळतो’ असं ठरवलं की पहिल्या टप्प्यापासून, एका नाण्यावर.

नेमाच्या गोळ्यांचं थोडक्यात सांगतो, कारण नव्या माणसाचे निम्मे जीव तिथंच जातात. नेम धरून येणाऱ्या गोळीपासून लांब पळालात तर पुढची गोळी तुमच्या नव्या जागी नेम धरते, तिच्यापुढची त्याहून नव्या, आणि थोड्याच वेळात सगळा पडदा तुम्ही स्वतःच गोळ्यांनी भरलेला असतो. म्हणून कडेला उभं राहायचं आणि जेमतेम विमानभर सरकत राहायचं. गोळ्या एका बारीक रांगेत मागून येत राहतात. भिंत जवळ आली की एकदा पटकन मोठी उडी घेऊन रांगेच्या पलीकडे जायचं आणि उलट दिशेनं पुन्हा तेच. खो-खोत चांगला पळणारा असाच खेळतो. तो गरजेपेक्षा एक पाऊल जास्त टाकत नाही, पाठलाग करणाऱ्याला एका बाजूला बांधून घेतो आणि मग खांबाजवळ दिशा बदलतो. आणि नजर स्वतःच्या विमानावर ठेवू नका. ती विमानाच्या थोडी वर, गोळ्या जिथून येत आहेत तिथं असू द्या. विमान कुठं आहे हे हाताला माहीत असतं.

सुरुवात कुठल्या खेळानं करावी हे मला नेहमी विचारतात. माझं उत्तर मुशिहिमेसामा. केव्हचा २००४चा हा खेळ २०२१पासून स्विचवर मिळतो. रेको नावाची राजकुमारी सोनेरी भुंग्यावर बसून, आपल्या गावावरचं आजारपण दूर करण्यासाठी जंगलाच्या देवाला भेटायला निघते. लढाऊ विमानांऐवजी सगळीकडे किडे, शेवाळ आणि हिरवा उजेड. नव्यांसाठी त्यात नॉव्हिस हा सौम्य प्रकार आहे. त्यावर ओरिजिनल, ज्यात गोळ्या कमी पण वेगवान. मग मॅनिॲक, ज्यात गोळ्या संथ पण दाट. शेवटी अल्ट्रा, ज्यात दोन्ही एकदम. नॉव्हिसनं सुरुवात करण्यात कमीपणा काही नाही, एका नाण्याची अट तेवढी पाळा. वर्षभरानं वाटलं तर इकारुगा घ्या, आणि बॅटल गारेग्गा सगळ्यात शेवटी.

तुमचं शेवटचं विमान फुटेल तेव्हा पडद्यावर कंटिन्यू असं विचारलं जाईल आणि नऊपासून उलटी मोजणी सुरू होईल. बोट बटणावरून काढून घ्या आणि ती शून्यापर्यंत जाऊ द्या. मग पुन्हा पहिल्या टप्प्यापासून सुरू करा.